कीटकाचे आतडे आणि आरएनए हस्तक्षेप

पेशीच्या केंद्रकातील जनुकावरून निघणारा निरोप आरएनएच्या एकपदरी धाग्यावर लिहिलेला असतो आणि त्या निरोपाबरहुकूम प्रथिन तयार होते. हा निरोप वाटेतच कापला गेला, तर जनुक जागच्या जागी शाबूत राहते, पण त्याचे काम थांबते. या क्रियेला आरएनए हस्तक्षेप म्हणतात. तिची सुरुवात दुपदरी आरएनएने होते. निरोगी पेशीत लांबलचक दुपदरी आरएनए क्वचितच आढळतो. आढळला तर तो बहुधा विषाणूचा असतो. म्हणून तो दिसताच डायसर नावाचे विकर त्याचे सुमारे २१ अक्षरांचे तुकडे पाडते. त्या तुकड्यातील एक पदर आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या हाती लागतो आणि त्या पदराशी जुळणारा जो निरोप पुढे येईल तो आर्गोनॉट कापून टाकते. विषाणूंपासून बचाव करणारी ही फार जुनी व्यवस्था आहे. कीटकाच्या स्वतःच्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए बाहेरून त्याच्या शरीरात गेला, तर हीच व्यवस्था त्याच्यावर उलटते.

या घटनेची पहिली चाहूल १९९० मध्ये पेटुनियाच्या फुलांत लागली. जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तेव्हा काही फुले पांढरी निघाली. कारण उलगडायला आठ वर्षे लागली. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी सूत्रकृमीवर काम करून दुपदरी आरएनए हेच मूळ कारण असल्याचे दाखवले आणि २००६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९९८ मध्येच फळमाशीच्या गर्भातही हा प्रयोग यशस्वी झाला. पुढे २००१ मध्ये डायसरची ओळख पटली तीही फळमाशीच्या पेशींतूनच. कीटकशास्त्राला हे हत्यार दुसरीकडून उसने मिळाले असे म्हणता येत नाही. ते घडवण्यातही कीटकांचा मोठा वाटा आहे.

संशोधनासाठी या तंत्राचे मोल एका साध्या गोष्टीत आहे. एखाद्या जनुकाचे काम काय, हे कळण्यासाठी ते जनुक बंद करून काय बिघडते ते पाहावे लागते. पूर्वी त्यासाठी उत्परिवर्तित वाण तयार करावे लागत आणि ते फळमाशीसारख्या मोजक्या कीटकांतच शक्य होते. आता कोणत्याही कीटकाच्या जनुकाचा क्रम हाती असला, की जुळणारा दुपदरी आरएनए तयार करून टोचता येतो. फळमाशीची अडचण वेगळी. तिच्या शरीरात टोचलेला आरएनए एका पेशीतून दुसरीत सहज पसरत नाही. म्हणून आरएनए माशीच्याच पेशींत तयार होईल अशी वाणे बनवावी लागली. व्हिएन्नातील संग्रहात २००७ पासून जवळजवळ प्रत्येक जनुकासाठी अशी वाणे मिळतात. मुंबईची टीआयएफआर असो की पुण्याची आयसर, फळमाशीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत अशी वाणे आता रोजच्या वापरातली आहेत.

पण या तंत्राचा खरा मानकरी आहे तो सोलापूरच्या कोणत्याही घरात सापडेल असा कीटक: पिठातला तांबडा भुंगेरा. ज्वारी पेवात असो, कणगीत असो की पत्र्याच्या कोठीत, दळून आणलेले पीठ चार आठवडे पडून राहिले की हा तीन-चार मिलिमीटरचा तपकिरी किडा त्यात फिरताना दिसतो. जीवशास्त्रात त्याला मोठे स्थान आहे. त्याच्या पोटात दुपदरी आरएनए टोचला, की परिणाम सर्व शरीरभर पसरतो. मादीला टोचला तर तिच्या अंड्यांतून निघणाऱ्या पिलांतही तेच जनुक शांत झालेले आढळते. मादीकडून पिलांकडे जाणारा हा परिणाम २००२ मध्ये नोंदवला गेला. २००८ मध्ये या भुंगेऱ्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि त्यानंतर जर्मनीतील अनेक प्रयोगशाळांनी मिळून त्याची जनुके एकेक करून बंद करण्याचा प्रचंड उद्योग हाती घेतला. सुमारे ५,००० जनुकांच्या या चाळणीतून कीडनियंत्रणासाठी सर्वांत प्राणघातक ठरणारी अकरा जनुके २०१५ मध्ये निवडली गेली. त्यांत एक गट ठळकपणे पुढे आला. पेशीतील निकामी प्रथिने मोडून काढणाऱ्या प्रोटिआसोम या यंत्रणेची ती जनुके होती. ही यंत्रणा पुढे बटाट्याच्या शेतात पुन्हा भेटते.

भारतातील एक प्रयोग या इतिहासात फार लवकरचा आहे. बीटी जिवाणूचे विष अळीच्या आतड्यात नेमके कशाला चिकटते, हा त्या काळचा कळीचा प्रश्न होता. नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीला दुपदरी आरएनए टोचून आतड्यातील अमिनोपेप्टिडेज हे विकर कमी केले गेले. तेव्हा बीटीच्या एका विषाचा अळीवरील परिणाम ओसरला. म्हणजे ते विकरच विषाला धरून ठेवणारी खुंटी होते. हे २००२ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली.

मारण्याशी काहीच संबंध नसलेले प्रयोगही तितकेच महत्त्वाचे आहेत. मधमाशीच्या अळीत डीएनएवर मिथाइल खुणा उमटवणारे एक जनुक २००८ मध्ये शांत केले, तेव्हा कामकरी होऊ शकणाऱ्या बऱ्याच अळ्या राणीसारख्या वाढल्या. रॉयल जेलीचा परिणाम कोणत्या वाटेने होतो याचा तो पहिला ठोस धागा होता. २०१४ चा दुसरा प्रयोग जर्मनीतील येना येथील माक्स प्लांक संस्थेतला. आज पुण्याच्या आयसरमध्ये असलेले सागर पंडित त्या गटात होते. तंबाखूची पाने खाणारी दुसरी एक अळी निकोटिनचा काही भाग श्वसनछिद्रांतून बाहेर सोडते आणि त्या वासाने लांडगा-कोळी तिच्यापासून दूर राहतो. निकोटिन बाहेर पडण्यासाठी लागणारे जनुक बंद करण्याकरिता आरएनए अळीच्या खाद्यवनस्पतीतूनच दिला गेला. अळ्यांचा वास कमी झाला आणि कोळ्यांनी त्या फस्त केल्या. वनस्पती, अळी आणि कोळी यांचे नाते मोकळ्या शेतात, पिंजऱ्याबाहेर, असे तपासता येते ही या तंत्राची मोठी देणगी आहे. मराठवाड्यात आणि सोलापूर भागात तुती लावणाऱ्यांच्या दृष्टीने हैदराबादच्या सीडीएफडी या संशोधन संस्थेचे २०१३ चे काम लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथे रेशीमकिड्यांत असा बदल केला गेला, की ग्रासरी रोगाच्या विषाणूची एकापेक्षा अधिक आवश्यक जनुके किड्याच्या शरीरातच शांत होतात. किडा मारण्याऐवजी वाचवण्यासाठी आरएनए हस्तक्षेपाचा असा वापर विरळा आहे.

कीडनियंत्रणाचे पर्व २००७ मध्ये सुरू झाले. एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. अमेरिकेतील मोन्सॅन्टो कंपनीने मक्याची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर, तर चीनमधील गटाने घाटेअळीवर काम केले होते. दोघांनीही आरएनए वनस्पतीतच तयार करवला होता. मक्याच्या भुंगेऱ्यावरचा मार्ग सरळ पुढे गेला. एसएनएफ७ या जनुकाचा २४० अक्षरांचा दुपदरी आरएनए बनवणाऱ्या मक्याला, बीटीच्या प्रथिनांसोबत, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१७ मध्ये मान्यता दिली. दुसरा टप्पा फवारणीचा. बटाट्याच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी ग्रीनलाइट बायोसायन्सेस कंपनीच्या लेडप्रोनाला डिसेंबर २०२३ मध्ये तीन वर्षांसाठी नोंदणी मिळाली. पानावर फवारण्याचे हे पहिले दुपदरी आरएनए कीटकनाशक. ते नेमके प्रोटिआसोमच्या एका घटकावर घाव घालते. सोलापूरच्या पिठात सापडणाऱ्या भुंगेऱ्याने दाखवलेली यंत्रणा ती हीच.

मान्यता मिळालेली ही दोन्ही उदाहरणे भुंगेऱ्यांची आहेत, आणि त्यामागे ठोस कारण आहे. या भुंगेऱ्यांच्या आतड्यात दुपदरी आरएनए बराच वेळ टिकतो, पेशी तो सहज आत घेतात आणि डायसरपर्यंत पोहोचवतात. पतंगवर्गातील अळ्यांत यातली जवळपास प्रत्येक पायरी अडते. त्यांचे आतडे अल्कधर्मी असते, सामू ९ च्या पुढे जातो, आणि आरएनए अल्कात मोडत जातो. आतड्यात दुपदरी आरएनए चिरणारी खास विकरे असतात. काही अळ्यांत तर ती पेशींच्या आतही आढळली आहेत. यातून जो आरएनए वाचतो तो पेशीच्या पडद्यात गुंडाळून आत ओढला जातो खरा, पण त्या पिशवीतच अडकून पडतो. अमेरिकन लष्करी अळीच्या पेशींत आरएनए असा अडकतो, हे केंटकी विद्यापीठात २०१७ मध्ये दाखवले गेले. शिवाय कीटकांत, सूत्रकृमीप्रमाणे, थोड्या आरएनएच्या अनेक प्रती काढणारे विकर नसते. जितका पोहोचेल तितक्यावरच काम भागवावे लागते.

सोलापूरसाठी हा भाग सर्वांत कडवट आहे. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात सापडली आणि महाराष्ट्रातली तिची पहिली नोंद त्याच वर्षी सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या तांदुळवाडीच्या मक्यावर झाली. ही अळी पोंग्यात शिरून बसते. तिच्या विष्ठेचा भुसा वरून दिसतो, पण फवारा आत पोहोचत नाही. म्हणजे आरएनएला आधी पोंगा, मग अल्क, मग विकरे, मग ती पिशवी, एवढे सारे ओलांडावे लागते. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीची, म्हणजे हरभऱ्यावरच्या घाटेअळीची, गोष्ट थोडी वेगळी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०१६ मध्ये तिच्या पचनाच्या आणि विषनिवारणाच्या विकरांसह निवडक जनुकांवर आरएनए हस्तक्षेप केला आणि वाढ खुंटवून दाखवली. दिल्ली विद्यापीठात त्याच सुमारास कायटिन मोडणाऱ्या विकराच्या जनुकाविरुद्ध आरएनए बनवणारी टोमॅटो आणि तंबाखूची रोपे तयार झाली. हे प्रयोग खरे आहेत आणि मोलाचेही आहेत. तरी प्रयोगशाळेत खाऊ घातलेल्या अळीपासून शेतातल्या तुरीपर्यंतचे अंतर फार मोठे आहे, आणि ते जनुक निवडण्याच्या कौशल्याने कमी होणारे नाही. आरएनए आतड्यात किती मिनिटे टिकतो, यावर सगळे अडले आहे.

रस शोषणाऱ्या किडींत अडचण दुसरीच. मावा आणि पांढरी माशी पान चावून खात नाहीत, म्हणून पानाच्या पृष्ठभागावर फवारलेला आरएनए त्यांच्या तोंडी पुरेसा जात नाही. तो झाडाच्या रसवाहिन्यांतूनच आला पाहिजे. पांढऱ्या माशीवर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत २०११ मध्ये कृत्रिम अन्नातून आणि २०१४ मध्ये बदललेल्या तंबाखूतून प्रयोग झाले. तंबाखूवरील माश्यांत ८० टक्क्यांहून अधिक मर दिसली. सोलापुरात हा प्रश्न डाळिंबाच्या बागेत येतो. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रामुळे डाळिंबाच्या किडींचा सोलापुरात सर्वाधिक अभ्यास होतो आणि या भागातल्या डाळिंब बागा जवळपास सगळ्या ठिबकवर आहेत. मुळांवाटे किंवा खोडात टोचून आरएनए रसवाहिन्यांत चढवता येतो, हे लिंबूवर्गीय झाडांत अमेरिकेत दिसून आले आहे. मग ठिबकमधून तो देता येईल का, हा प्रश्न साहजिक आहे. पण जमिनीतील जिवाणू दुपदरी आरएनए दोनेक दिवसांत मोडून टाकतात. ठिबकापेक्षा खोडात टोचणे अधिक शक्य कोटीतले वाटते, मात्र एकरी शेकडो झाडे आहेत आणि प्रत्येक खोडाला नवी जखम झाली की मर रोगाचे भय वाढते. डाळिंबाचा सर्वांत भीतिदायक रोग, तेल्या, जिवाणूजन्य आहे. त्याला या तंत्रात उत्तर नाही.

पिन होल बोररने सांगोल्याच्या डाळिंब बागांची अलीकडे जी दैना केली, तिच्याबाबत आशा लवकर पालवते, कारण तो भुंगेरा आहे. मात्र तो लाकूड खात नाही. खोडात टाचणीएवढी छिद्रे पाडून तो आत बुरशीची शेती करतो आणि ती बुरशी खातो. झाडाच्या रसात आरएनए चढवला तरी तो भुंगेऱ्याच्या पोटात जाण्याची खात्री नाही. त्या बुरशीनेच आरएनए तयार केला तर गोष्ट निराळी. कीड भुंगेरा आहे म्हणून हुरळून जाण्याआधी ती काय खाते हे पाहावे लागते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आरएनए पोहोचवण्याच्या वाटांवर म्हणूनच सर्वाधिक काम चालू आहे. हरितलवकात डायसर नसतो, त्यामुळे तेथे तयार झालेला लांब आरएनए अखंड राहतो. जर्मनीत २०१५ मध्ये अशा बटाट्याने कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या अळ्या मारून दाखवल्या. लांबीला महत्त्व आहे, कारण साधारण ६० अक्षरांपेक्षा आखूड तुकडे मक्यावरच्या भुंगेऱ्याच्या आतड्यातील पेशी घेतच नाहीत. कवचधारी प्राण्यांच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानच्या सूक्ष्म कणांत आरएनए गुंडाळून २०१० मध्ये डासांच्या अळ्यांना खाऊ घालण्यात आला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने मातीच्या पातळ पापुद्र्यांवर आरएनए चिकटवून तो पानावर आठवडेच्या आठवडे टिकवला. तो प्रयोग विषाणूंवर होता, पण उन्हातान्हात टिकण्याचा प्रश्न किडींसाठीही तोच आहे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, उघडा आरएनए पानावर फार काळ तगणार नाही. उत्पादनाचा खर्च मात्र झपाट्याने उतरला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ग्रॅममागे हजारो डॉलर लागत. आता जिवाणूंत किंवा पेशीविरहित पद्धतीने तो एक डॉलरच्या आत आणल्याचा उत्पादकांचा दावा आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत हे तंत्र रासायनिक कीटकनाशकांपेक्षा नक्कीच उजवे आहे. परिणामासाठी आरएनएचा क्रम जुळावा लागतो. मक्यावरच्या भुंगेऱ्यासाठी बनवलेला एसएनएफ७ चा आरएनए त्याच्या जवळच्या नातेवाइकांपलीकडे काम करत नाही, हे तपासून पाहिले आहे. माणसाच्या आणि जनावरांच्या पोटात आरएनए रोज अन्नातून जातो आणि पचतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते मृत्यू डोळ्यांसमोर असताना विषबाधेची भीती नसलेल्या फवाऱ्याचे मोल आकड्यांत मोजता येत नाही. या फवाऱ्याचा संथपणा मात्र शेतकऱ्याला अगोदर सांगावा लागेल. कीड मरायला आठवडाभर किंवा अधिक लागतो, आणि संध्याकाळी फवारून सकाळी मेलेल्या अळ्या शोधणारा माणूस दुसऱ्याच दिवशी दुकानात परत जातो.

प्रतिकाराचा धोका कल्पनेतला नाही. मक्यावरच्या भुंगेऱ्याच्या प्रयोगशाळेत निवडलेल्या एका वाणाने आरएनए आत घेणेच थांबवले. त्यामुळे एका जनुकाचा आरएनए निकामी झाला, तसा दुसऱ्या कोणत्याही जनुकाचाही झाला. २०२१ मध्ये कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या नऊ वेळा केलेल्या निवडीनंतर ११,१०० पटींहून अधिक प्रतिकार नोंदवला गेला. बीटी कापसात एक प्रथिन थकले की दुसरे आणता आले, आणि तरीही शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्रात २०१७ पर्यंत दोन्ही प्रथिनांना दाद देणे सोडले होते. आरएनएच्या बाबतीत दार एकच आहे. ते बंद झाले की जनुकांचे सगळे पर्याय एकदम संपतात. म्हणून फवारणीची पाळीपाळीने आखणी आणि इतर उपायांची जोड पहिल्या दिवसापासून हवी.

कायद्याच्या दृष्टीने दोन वाटा आहेत. पिकातच आरएनए बनवायचा असेल तर पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी लागते. जालन्याच्या महिकोचे बीटी वांगे २०१० मध्ये याच वाटेवर स्थगित झाले, आणि बीटी कापसाशिवाय दुसरे कोणतेही जनुकीय पीक देशात व्यापारी लागवडीत आलेले नाही. फवाऱ्यासाठी मात्र कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील नोंदणी लागते. पीक बदलत नाही, बियाणे शेतकऱ्याचेच राहते, त्यामुळे ज्वारीच्या मालदांडीसारख्या जपलेल्या वाणांसाठी फवाऱ्याची वाटच योग्य आहे.

सोलापूर जिल्ह्यासाठी पहिला प्रयोग कोणत्या किडीवर व्हावा, याचे उत्तर हुमणीकडे बोट दाखवते. उजनीच्या पाण्यावरच्या उसाला तिचा फार मोठा उपद्रव आहे आणि ती भुंगेरावर्गातली आहे. चीनमध्ये तिच्या जवळच्या जातींत आरएनए टोचून गंध ओळखणारी जनुके शांत करण्याचे काम झाले आहे. तरी घाई नको. हुमणीच्या कुळातील अनेक अळ्यांचे मधले आतडे, कोलोरॅडो भुंगेऱ्यासारखे आम्लधर्मी नसून, पतंगवर्गातील अळ्यांइतकेच किंवा त्याहूनही अल्कधर्मी असते. शिवाय अळी जमिनीत राहते, जिथे आरएनए दोन दिवसांत संपतो. भुंगेऱ्याची अवस्था अधिक सोयीची आहे. वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस पडला, की भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून बाभूळ, कडुनिंब आणि बोरीवर जमतात, रात्रभर पाने खातात आणि पहाटे परत जमिनीत जाऊन अंडी घालतात. त्या संध्याकाळी बांधावरच्या निंबावर फवारलेल्या आरएनएला ऊन लागत नाही, माती लागत नाही, आणि काही तासांतच तो पोटात जातो. तांबड्या भुंगेऱ्यात आईकडून पिलांकडे जाणारा परिणाम हुमणीतही दिसला, तर अंड्यांतच काम होईल. त्यासाठी शेतात उतरण्याआधी एक छोटे मापन पुरेसे आहे: निंबावरून वेचलेल्या भुंगेऱ्यांचा आणि उसाच्या बुडातून काढलेल्या अळ्यांचा आतड्यातील रस वेगवेगळा काढायचा, त्यात दुपदरी आरएनए मिसळायचा, आणि पाच मिनिटांनी, तासाने व रात्र उलटल्यावर त्यातला किती शाबूत आहे ते जेलवर पाहायचे.